डोंगराकडची खिडकी

कोल्हापूरच्या स्टेशनात रूळ संपतात. पुढं लोखंडी बफर, त्यामागं भिंत, भिंतीपलीकडं शहर. मुंबईहून आलेली महालक्ष्मी सकाळी इथं येऊन टेकते आणि रात्री आल्या वाटेनं परत जाते. इथून पश्चिमेला पंचावन्न किलोमीटरवर गगनबावडा. तिथल्या कठड्याशी उभं राहिलं की पायाखाली कोकण पसरलेलं दिसतं. सह्याद्री आम्हाला घरामागच्या परड्याइतका जवळचा. पण आगगाडीत बसून तो उतरायचा म्हटलं, तर कोल्हापूरच्या माणसाला आधी त्याच्याकडं पाठ करावी लागते. पूर्वेला मिरज, तिथून दक्षिणेला बेळगाव, पुढं लोंढा, आणि मग पश्चिमेला तोंड करून कॅसलरॉकचा घाट.

गेल्या सप्टेंबरात आईला घेऊन मी या वाटेनं गेले. लोक या प्रवासाला 'दूधसागरची ट्रिप' म्हणतात. पावसाळा भरात आला की आमच्याकडं प्रत्येक गल्लीतला एखादा तरी ग्रुप ती करून येतो, आणि पुढचे आठ दिवस सगळ्यांच्या मोबाइलवर तोच पांढरा धबधबा आणि त्याच्या पोटाशी लागून जाणारी गाडी. आई मात्र दूधसागरचं नाव कधी काढायची नाही. ती कितीतरी वर्षं एवढंच म्हणत होती, "एकदा कॅसलरॉकला जाऊन येऊया गं."

आईचे वडील, म्हणजे आण्णा, रेल्वेत चावीवाले होते. रेल्वेच्या कागदावर कीमन. ठरवून दिलेला चार-पाच किलोमीटरचा पट्टा रोज पायी चालायचा, रुळाला स्लीपरशी धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या असतील तर हातोड्यानं ठोकून बसवायच्या, सांध्यावरच्या फिशप्लेटचे बोल्ट आवळायचे, रुळाला तडा दिसला तर लाल झेंडी लावून मुकादमाला कळवायचं. हातकणंगले तालुक्यातला, उसाच्या सपाट रानात वाढलेला हा माणूस 1965 साली बदलीवर कॅसलरॉकला गेला आणि 1973 पर्यंत तिथं राहिला. आई 1961 ची. म्हणजे चौथ्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंतचं तिचं सगळं लहानपण त्या घाटमाथ्यावर, रेल्वेच्या एका खोलीच्या क्वार्टरमध्ये गेलं. शाळा कानडी. अजूनही भाकरी मोजताना तिच्या तोंडी कानडीच येतं. ओंदु, एरडु, मूरु. माझ्या लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच आया भाकरी अशाच मोजतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी दूधसागर पूर्वी पाहिला होता. 2005 च्या पावसाळ्यात, कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींबरोबर, कॅसलरॉकपासून रुळांवरून चालत. तेव्हा तो ट्रेक फार गाजलेला होता. पाठीवर सॅक, पायात ओले बूट, बोगद्यात शिरलं की सगळ्यांनी मिळून ओरडायचं. घरी येऊन मी आईला फोटो दाखवले. तिनं एकेक फोटो नीट बघितला आणि विचारलं, "बोगद्यात गाडी आली असती तर कुठं उभी राहणार होतीस?" मी म्हटलं, सगळेच जातात. ती पुढं काही बोलली नाही. दोन दिवस बोलली नाही. आजोबा रात्री-अपरात्री जो पट्टा चालले, त्यावरून मी गाणी म्हणत गेले होते, हे मला तेव्हा माहीत होतं आणि तरी माहीत नव्हतं. आता तर रेल्वेनं त्या रुळांवरून चालायला बंदीच केली आहे. 2023 च्या जुलैत धबधब्याकडं निघालेल्या लोकांना पोलिसांनी रुळावरच उठाबशा काढायला लावल्या, त्याचा व्हिडिओ सगळीकडं फिरला. आमच्या ग्रुपवर लोकांनी पोलिसांना नावं ठेवली. मला ते नाव ठेवणं जमलं नाही.

दिल्लीहून येणारी गोवा एक्स्प्रेस घाट उतरते ती रात्रीच्या काळोखात. त्यामुळं आम्ही पुण्याहून एर्नाकुलमला जाणारी पूर्णा एक्स्प्रेस धरायची ठरवलं. आठवड्यातून एकदाच, मिरजेला पहाटे, आणि घाटात सकाळच्या उजेडात. आदल्या संध्याकाळी कोल्हापूरहून पॅसेंजरनं मिरज गाठायचं, रात्र स्टेशनात काढायची. भाऊ म्हणाला, मी मिरजेपर्यंत गाडीनं सोडतो. आईनं नको म्हणून सांगितलं. तिला पहिल्यापासून रुळांवरूनच जायचं होतं.

कोल्हापूर-मिरज हा सत्तेचाळीस किलोमीटरचा रस्ता आम्हा लोकांच्या इतका अंगवळणी पडलेला आहे, की त्यात बघण्यासारखं काही असेल असं कुणाला वाटत नाही. पण हा लोहमार्ग कोल्हापूर संस्थानानं स्वतःच्या खर्चानं बांधला. 3 मे 1888 रोजी शाहू महाराजांनी त्याची पहिली कुदळ मारली, तेव्हा त्यांना चौदा वर्षंही पूर्ण झाली नव्हती. 1891 साली गाडी सुरू झाली. गूळ मार्केट गेलं की वळिवडे येतं. याच वळिवड्यात 1943 पासून पाच वर्षं सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, महायुद्धानं घरादारातून उखडलेली बायकापोरं. हजारो मैलांवरून आलेली ही माणसं याच स्टेशनात उतरली असतील. आज तिथं शेंगा खात बसलेली दोन पोरं होती.

मग रुकडीचा पूल. खाली पंचगंगा, दोन्ही काठांना ऊस. आईनं हात जोडले आणि पाण्याकडं न बघता पुलाच्या खांबाकडं बघितलं. मी म्हटलं, काय बघतेस? "पाण्याची खूण बघते. खांबावर आकडे रंगवलेले असतात न्हवं, किती फूट चढलं ते. आण्णा रुकडीला होते तेव्हा सांगायचे, पुराच्या दिवसांत माणूस बसवतात इथं, रात्रभर कंदील घेऊन आकडा बघायला." 2019 आणि 2021 चा महापूर आम्ही दोघींनी घरात बसून सोसला होता. रस्ते बुडाले, दुधाची गाडी आली नाही, लाइट गेली, सगळं मला आठवतं. या पुलावर कुणीतरी आकडा बघत उभं असेल, हे मात्र एकदाही मनात आलं नव्हतं.

जयसिंगपुरात भडंग घेतलं, कृष्णा ओलांडली आणि मिरजेत उतरलो. मिरज जंक्शनचं मला फार कौतुक आहे. एके काळी या एकाच स्टेशनात तिन्ही मापांचे रूळ होते. पुण्या-कोल्हापूरकडचा ब्रॉडगेज, बेळगावकडचा मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडची ती चिमुकली नॅरोगेज, आषाढीला वारकऱ्यांना टपावर घेऊन जाणारी. आता सगळं एका मापाचं. आई वेटिंगरूममध्ये बाकावर मांडी घालून बसली आणि तिनं डबा उघडला. दही-धपाटी, खर्डा. तिच्या लहानपणी सुट्टीत गावी यायचं तर कॅसलरॉकहून मीटरगेजनं मिरज, आणि मिरजेत रात्र काढून हातकणंगले. साठ वर्षांपूर्वी ज्या स्टेशनात ती आईच्या मांडीवर झोपली असेल, तिथंच ती आता जागी होती आणि मी तिच्या मांडीवर डोकं टेकून अर्धवट झोपले होते.

मिरज ते बेळगाव फार सांगण्यासारखं नाही. अंधार होता. कुडचीला पुन्हा कृष्णा लागली ती पुलाच्या आवाजावरून कळली. चिंचली आली तेव्हा आईनं झोपेतच मायाक्काला हात जोडले. घटप्रभेच्या पुढं उजाडायला लागलं, बेळगावला चहा प्यालो, खानापूर मागं पडलं आणि हळूहळू खिडकीतली माती लाल होत गेली. शेतं आखडली. गुंजीपासून झाडं जवळ आली. लोंढ्याला हवाच निराळी, थंड आणि ओल्या पाल्याच्या वासाची. आई उठून बसली. पदर नीट केला. तिनईघाट गेल्यावर तिनं पायात चपला घातल्या, जणू पुढच्याच वळणावर घर आहे.

कॅसलरॉक हे एके काळी ब्रिटिश हद्दीतलं शेवटचं स्टेशन होतं. घाट उतरला की पोर्तुगिजांचं राज्य. मार्मागोव्याचं बंदर देशावरच्या मुलखाला जोडायचं म्हणून 1880 च्या दशकात हा रस्ता बांधला गेला. घाटमाथ्यापर्यंतचा भाग सदर्न मराठा रेल्वेचा, खालचा पोर्तुगीज हद्दीतला. पोर्तुगालच्या राजघराण्याच्या नावावरून याला ब्रागांझा घाट म्हणतात. गोव्याला जाणाऱ्या-येणाऱ्याचं सामान कॅसलरॉकला उघडून बघितलं जायचं, परदेशच होता तो. 1955 साली सत्याग्रहाच्या वेळी हद्दीवर गोळीबार झाला आणि पुढं ही गाडीच बंद पडली, ती डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतर पुन्हा सुरू झाली. आजोबा तिथं पोचले तेव्हा या गोष्टीला जेमतेम चार वर्षं झाली होती. जुने गँगमन झडतीच्या गोष्टी सांगायचे. कुणी पोटाला काय बांधून आणलं, कुणाच्या फणसातून काय निघालं. आईला त्या अजून तोंडपाठ आहेत.

गाडी इथं थांबतेच. घाट उतरण्याआधी ब्रेक तपासावे लागतात. गाडी थांबल्यावर डब्यातली तरुण पोरं वडापावाच्या शोधात उतरली. आई उतरली आणि प्लॅटफॉर्मवर नुसती उभी राहिली. पाऊस म्हणावा असा नव्हता, हवेतच पाणी होतं. रुळांपलीकडं, चढावर, बैठ्या क्वार्टरांची एक ओळ दिसत होती. भिंतींना पिवळा रंग, दारांत डिशच्या छत्र्या, वळचणीला वाळत न वाळणारे कपडे. आईनं बोट पुढं केलं आणि मोजायला लागली. ओंदु, एरडु, मूरु. तिसऱ्या दारावर बोट थांबलं.

"ह्योच का?" मी विचारलं.

"असंल," ती म्हणाली. "तेव्हा कौलं होती. आणि दारात एवढं मोठं दगडी डोणगं, त्यात पागोळीचं पाणी साठायचं. चार महिने आडावर जायला लागायचं न्हाई."

मी म्हटलं, चल, जाऊन बघू, दोन मिनिटं लागतील. तिनं मान हलवली. "नको. त्येंचं घर हाय ते आता. आणि शिट्टी झाली तर?" रेल्वेवाल्याची पोरगी. गाडी तिच्यासाठी थांबणार नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं. ती डब्यात चढली आणि खिडकीशी बसली. मी दरीच्या बाजूची दोन आसनं धरून ठेवली होती, शेजारच्या कुटुंबाशी गोड बोलून. तिनं तिकडं बघितलंही नाही. ती डोंगराच्या बाजूला बसली.

पुढचे सव्वीस किलोमीटर म्हणजे तो घाट. कॅसलरॉकपासून कुळ्यापर्यंत गाडी जवळजवळ पाचशे मीटर खाली उतरते. सगळ्यात उभ्या जागी उतार 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढं गेलं की एक मीटर खाली. मुंबईला जाताना लागणाऱ्या बोरघाटाचा उतारही एवढाच. ऐकायला काही वाटत नाही, रस्त्याच्या घाटाला तर हा चढच नव्हे. पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, आणि मागं शेकडो टनांचं वजन ढकलत असतं. म्हणून उतरताना गाडी ब्रेकवर धरूनच आणतात. डब्याखालून सतत एक बारीक कण्हण्याचा आवाज, मधूनच तापलेल्या लोखंडाचा वास. वेग इतका कमी, की सायकल जोरात हाणली तर बरोबरीनं येईल. वर चढणाऱ्या गाड्यांना कुळ्याला मागून जादा इंजिनं लावतात, ती ढकलत वर आणून सोडतात. आई सांगते, तिच्या लहानपणी ही वाफेची इंजिनं होती. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्यांच्या धापांवरून कळायचं, गाडी भरलेली आहे का रिकामी.

दरीच्या बाजूला काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. ढग खाली, झाडांचे शेंडे ढगांतून वर, लांब कुठंतरी पाण्याच्या पांढऱ्या रेघा. बोगद्यातून बाहेर पडलं की प्रत्येक वेळी डब्यात "अहाहा" उठायचं. मीही बघितलं आणि मला भरून आलं. त्यात खोटं काही नाही. सह्याद्रीचा तो भाग खरोखर इतका हिरवा आहे, की त्या हिरव्यात दुसरा रंग मावत नाही.

पण थोड्या वेळानं मी उठून आईसमोर जाऊन बसले. डोंगराच्या बाजूच्या खिडकीत दरी नसते. हातभर अंतरावरून कातळ सरकत जातो. काळा, ओला, शेवाळलेला. मधूनमधून त्यावर लोखंडी जाळी ठोकलेली, दगड सुटून रुळावर येऊ नये म्हणून. कातळाच्या पायथ्याशी रुळाला समांतर बांधलेली नाली, तिच्यातून तांबडं पाणी धावतंय. ठिकठिकाणी रंगवलेले आकडे. दर थोड्या अंतरावर खडीचा नीट रचलेला ढीग. बोगद्याच्या तोंडाशी कातळात कोरलेला कोनाडा, एक माणूस अंग चोरून उभा राहील एवढाच.

"ते बघ," आई म्हणाली. "तिथं उभं राहायचं. गाडी आली की."

वीस वर्षांपूर्वी तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिनंच मला दाखवलं.

मग ती बोलत राहिली, खिडकीकडं बघत, तुटक तुटक. ती म्हणाली, दरीला कुणी भीत नाही. दरी आहे तिथंच असते. भीती डोंगराची. पाऊस आठ-आठ दिवस धरला की डोंगर आतून भरत जातो. म्हणून पावसाच्या आधी, मे महिन्यात, सगळी गँग नाल्या साफ करायला लागायची. डोंगराच्या वरच्या अंगालाही चर मारलेले असतात, वरचं पाणी वरच वळवायला. ते तुंबले की माती सुटली म्हणून समजा. नाली वाहते आहे, हे बघायला आण्णा सुट्टीच्या दिवशीही जायचे.

पावसाळ्यात रात्रीची गस्त असायची. एका माणसानं आपल्या हद्दीच्या टोकापर्यंत चालत जायचं, पलीकडून दुसरा यायचा, दोघांनी वह्या बदलायच्या आणि आपापल्या वाटेनं मागं फिरायचं. वही बदलली म्हणजे मधला रस्ता दोघांनी मिळून पाहिला याचा पुरावा. अंगावर घोंगड्याची खोळ, हातात तांबडी-हिरवी काच फिरणारी बत्ती, खांद्याला फटाक्यांचा डबा. हे फटाके म्हणजे पत्र्याच्या चपट्या डब्या. रुळावर बांधायच्या, चाक त्यावरून गेलं की बार होतो आणि ड्रायव्हर गाडी उभी करतो. दरड दिसली तर अडथळ्यापासून लांब पळत जाऊन, दहा-दहा मीटरवर तीन बांधायचे. धुक्यात बत्ती दिसत नाही, पण बार ऐकू येतो. घरी तो डबा देवाच्या फळीच्याही वर ठेवलेला असायचा. पोरांनी त्याच्याकडं बोट करायचीही चोरी. आता गस्तवाल्यांजवळ जीपीएसचं यंत्र असतं, कुठवर गेला ते ऑफिसात बसून दिसतं. पण चालायचं पायांनीच.

आजोबांनी उभ्या नोकरीत एकदाच फटाके लावले. झाड आडवं झालं होतं, मालगाडी येत होती. गाडी थांबली. ड्रायव्हरनं खाली उतरून त्यांना विडी दिली. ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली आहे, पण आईच्या आठवणीतला तिचा शेवट वेगळाच आहे. तिला झाड माहीत नाही, गाडी माहीत नाही. तिला आठवतात त्या सकाळी घरी आलेल्या आण्णांच्या पोटऱ्या. जळवा लागलेल्या, फुगून अंगठ्याएवढ्या झालेल्या. आजी चुलीपुढं बसून चिमटीनं मीठ टाकायची, जळू सुटून पडायची, आणि आई ती कोळशावर ढकलायची. सात की आठ होत्या, असं ती म्हणाली. मग बोटांवर मोजून म्हणाली, आठ. एंटु.

तिनईघाट ते कुळे इथं दुसरा रूळ टाकायचा बेत होता. त्यासाठी मोले अभयारण्यातली झाडं तोडावी लागणार होती. गोव्यातली माणसं, विशेषतः तरुण पोरं, 2020 मध्ये रस्त्यावर उतरली, आणि मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या कामाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. मी हे वाचलं तेव्हा मला आनंद झाला होता. आणि त्याच वेळी आमच्या कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेचाही विचार मनात आला होता. शंभरेक किलोमीटरची ती लाइन झाली तर कोल्हापूरचे रूळ भिंतीशी संपणार नाहीत, सरळ कोकणात उतरतील. लहानपणापासून ऐकतोय, होणार, होणार. गूळवाले, साखरवाले, आंबेवाले सगळ्यांना ती हवी आहे. मलाही हवी आहे, अगदी मनापासून. पण त्या खिडकीतून कातळाकडं बघताना पहिल्यांदा जाणवलं, की घाटातला रूळ एकदा टाकून होत नाही. तो दर पावसाळ्यात नव्यानं राखावा लागतो. गगनबावड्याचा पाऊस कॅसलरॉकपेक्षा मवाळ नाही. ती लाइन होईल तेव्हा तिची नाली साफ करायला किती माणसं नेमणार, हे मला आधी ऐकायचं आहे.

करंझोळ गेलं. दूधसागर स्टेशनात गाडी थांबली. गाडी म्हणजे नेमकं सांगायचं तर आमची गाडी, कारण समोरून वर येणाऱ्या मालगाडीला वाट द्यायची होती. ती आली. पुढं इंजिनं, मधे कोळशाचे झाकलेले डबे, ते संपता संपेनात, आणि शेवटी ढकलणारी इंजिनं, सगळी जमीन थरथरवत. ती बोगद्यात गेली, तिचा धूर विरला, आणि मग एकदम शांत झालं. डब्यातली माणसंही का कोण जाणे गप्प होती. तेवढ्यात आईनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"ऐक."

पावसाचा आवाज नव्हता तो. वाऱ्याचाही नव्हता. डोंगराच्या पलीकडून येणारी एक जाड, अखंड घरघर. मोठ्या जात्याची असते तशी.

आई सात वर्षांची असताना तिला विषमज्वर झाला होता. कॅसलरॉकला इलाज होईना, तेव्हा आण्णांनी रात्री तिला घोंगड्यात गुंडाळून मालगाडीच्या गार्डच्या डब्यातून खाली गोव्यात दवाखान्यात नेलं. त्या रात्री गाडी इथंच कुठंतरी बराच वेळ थांबली होती. तिला दिसलं काहीच नाही. अंधार, गार्डची बत्ती, बापाच्या कोटाचा ओला वास, आणि हा आवाज. ती बरी होऊन आली तीही रात्रीच. आठ वर्षं घाटमाथ्यावर राहून तिनं दूधसागर कधी उजेडात पाहिलाच नाही. चावीवाल्याच्या घरात धबधबा बघायला म्हणून कोण जाणार? हे मला तोवर माहीत नव्हतं. चाळीस वर्षं तिच्याजवळ राहून माहीत नव्हतं.

"ह्योच," ती म्हणाली. "ह्योच आवाज."

गाडी हलली. बोगदा. आणि बोगद्यातून बाहेर येताच तो पूल. इथं एक गंमतीची गोष्ट होते, आणि ती फोटो बघून कळत नाही. दूधसागर तीनशे दहा मीटर उंचीवरून, टप्प्याटप्प्यानं पडतो आणि पूल त्याला मधेच आडवा जातो. म्हणजे पुलावर असताना पाणी दरीच्या बाजूला नसतं, डोंगराच्या बाजूला असतं, वरून आपल्या अंगावर आल्यासारखं. सगळा डबा दरीकडच्या खिडक्या सोडून आमच्या बाजूला धावला. माझ्या खांद्यावरून, डोक्यावरून मोबाइल पुढं आले. आरडाओरडा इतका, की पाण्याचा आवाज त्यात बुडून गेला. आईच्या चेहऱ्यावर, चष्म्यावर, पांढऱ्या केसांवर तुषार येऊन बसले. तिनं चष्मा काढला. चष्म्याशिवाय तिला लांबचं काही दिसत नाही. तिनं तो पुसला नाही, नुसता मुठीत धरून ठेवला आणि चेहरा तसाच खिडकीत राहू दिला.

अर्धं मिनिट असेल. मग पूल संपला, रूळ दरीला वळसा घालून पलीकडच्या अंगाला आले आणि लांबून अख्खा धबधबा दिसायला लागला, वरपासून खालपर्यंत, फोटोत असतो तसा. सगळे पुन्हा दरीच्या बाजूला गेले. मी म्हटलं, आई, चल, आता पूर्ण दिसतोय. ती म्हणाली, तू बघून ये. मी गेले, बघितलं. खरंच सुंदर होता. परत आले तेव्हा ती चष्मा पुसत होती.

सोनावळीच्या अलीकडं, एका वळणावर, रुळाच्या कडेला एक माणूस उभा होता. केशरी जॅकेट, डोक्याला प्लास्टिकची टोपी, पायात गमबूट, एका हातात लांब दांड्याचा हातोडा आणि दुसऱ्या हातात धरलेली हिरवी झेंडी. वय असेल पंचविशीचं. नालीच्या काठावर, कातळाला पाठ लावून. डोंगराच्या बाजूला.

गाडी अगदी हळू चालली होती. आईनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि हलवला. तो बघेना. आमच्या खिडकीच्या दोन हातांवर होता, पण त्याची नजर खाली होती, एका डब्यावरून दुसऱ्या डब्याकडं सरकत. मी म्हटलं, "बघितलंच नाही गं त्यानं."

"बरोबर हाय," आई म्हणाली. हात तिनं अजून बाहेरच ठेवला होता. "गाडी चालली की चाकाकडं बघायचं असतं. काय लोंबतंय का, कुठं धूर निघतोय का. तोंडाकडं न्हाई बघायचं."

वळण संपेपर्यंत ती मागं बघत राहिली. तो गार्डच्या डब्यापर्यंत सगळी चाकं बघून झाल्यावर रुळावर चढला, झेंडी गुंडाळून काखेत मारली आणि कॅसलरॉकच्या दिशेनं चालायला लागला.